ग्रहणाआधीची भेग

२०२३ साल. मला एकाहत्तरावं चालू होतं. पावसाळा सरता सरता बिदरच्या एका दवाखान्यात एका डॉक्टरणीनं माझ्या हातात बोटाएवढी प्लास्टिकची नळी दिली आणि म्हणाली, "यात थुंका." मी तिसरी शिकलेला माणूस. पण असलं काम मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर मी केलं नसतं. त्या दिवशी केलं. का केलं ते सांगतो. त्यातलं सगळं मला अजून उलगडलेलं नाही, हे आधीच बोलून ठेवतो.

मी गवंडी. चाळीस वर्षं हातात थापी होती. नौबादला आमचं दोन खोल्यांचं घर आहे, ते पायापासून माझ्या हातचं. घरात मी, माझी बायको, पोरगा आणि सून. पोरगा हार्डवेअरच्या दुकानात कामाला. सून संतपूरची, शेतकऱ्याची पोर, बारावी शिकलेली.

आम्ही बौद्ध. मी चार-पाच वर्षांचा असताना माझ्या वडलांनी घरातले देव सोडले. वडलांनी देव सोडले, पण आईनं ग्रहण काही सोडलं नाही. ग्रहण लागलं की आई चूल विझवायची, पाण्यात दर्भ नाही तर तुळस टाकायची, आणि गल्लीतल्या पोटुशी बाईला हात जोडून सांगायची, बाई गं, कापू नको, चिरू नको, पोराचा ओठ फाटतो. ते माझ्या डोक्यात असं बसलं की पुढं विहारात पहिल्या रांगेत बसायला लागलो तरी निघालं नाही.

सून पोटुशी असताना दिवाळीत सूर्यग्रहण आलं. दिवस मावळायच्या टायमाला. मी ओट्यावर बसलो होतो. आत बघतो तर सून ईळीवर वाळूक चिरायली.

"ठेव ती ईळी खाली," मी ओरडलो.

"मामा, भूक लागलीय. ग्रहणाला काय कळतंय वाळकाचं?" असं म्हणून तिनं फोड तोंडात टाकली.

पोरगा हसला. "अप्पा, विहारात पुढं बसता आन् घरी ग्रहण पाळता व्हय?"

मी ओट्यावरच बसून राहिलो, पण ते गिळलं नाही.

फेब्रुवारीत नात झाली. नऊ महिने पुरे भरून. रंगानं उजळ, नाक सरळ, ओठ तर एखाद्या चित्रातल्यासारखे. मी म्हणालो, चला, सुटलो. दुसऱ्या दिवशी दूध पाजलं तर ते नाकातून खाली आलं. पुन्हा पाजलं, पुन्हा आलं. नर्सनं बॅटरी लावून तोंडात बघितलं आणि डॉक्टरला हाक मारली. ओठ शाबूत, पण तोंडाच्या आत वरचं छतच नव्हतं. टाळू मागच्या अंगाला मधोमध फाटलेली. त्या फटीतून तोंड आणि नाक एक झालेलं.

मी तिथंच बोललो. वॉर्डात, खाटेवर सून पडलेली, तिचे वडील उशाशी उभे, चार परक्या बाया ऐकायल्या. "हिनं ग्रहणात चिरलं म्हणून पोरीचं फाटलं. म्या सांगितलं होतं. ऐकलं न्हाई."

सुनेनं बाळाला जवळ ओढलं. तिच्या वडलांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, झालं तुमचं?" तिसऱ्या दिवशी ते लेकीला आणि बाळाला घेऊन थेट संतपूरला गेले. बाळंतपण माहेरीच असतं, त्यामुळं लोकांना काही वाटलं नाही. पण तीन महिने गेले, पाच गेले, सून येईना. नामकरण राहिलं. पोरगा दर रविवारी जायचा, बाळाला बघून यायचा. एकदा मी विचारलं, "कधी यायलीय ती?"

"तुमी जे बोललाव ते मागं घ्या. त्याशिवाय येत न्हाई म्हणली."

"म्या बोललेलं मागं घेत न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या," पोरगा म्हणाला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला. माझी बायको भाकरी वाढायची आणि भिंतीकडं बघून म्हणायची, "नात कुशीवर वळायला लागली म्हणं. आपल्याला काय त्याचं."

सातव्या महिन्यात पोरगा कलबुर्गीहून आलेल्या डॉक्टर लोकांची खबर घेऊन आला. पोरीचं ऑपरेशन कलबुर्गीला होणार हे आधीच ठरलेलं होतं. बोलायला लागायच्या आत टाळू शिवायची, नाही तर बोल नाकातून येतात, असं डॉक्टरांचं म्हणणं. ही माणसं निराळी. अशी टाळू कशामुळं राहते याचा ते अभ्यास करत होते. त्यासाठी ज्या घरात असं बाळ आहे त्या घरातल्या सगळ्यांची थुंकी त्यांना पाहिजे होती. आईची, बापाची, आज्याची, आजीची. सुनेची आणि पोराची देऊन झाली होती.

"माझी कामून?" मी विचारलं.

"घराण्यातून आलंय का बघतेत."

"आमच्या घराण्यात?" मी उठून उभा राहिलो. "आमच्यात सात पिढ्यांत असं न्हाई."

"मग द्या की थुंकी. दूध का दूध होईल."

हे मला पटलं. मी विचार केला, जातो, थुंकतो आणि त्यांच्याकडून कागदावर लिहूनच आणतो की या माणसाच्या रक्तात खोट नाही. तो कागद घेऊन मग संतपूरला जाईन. धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून दवाखान्यात गेलो.

तिथं एका खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती. कानडी बोलणारी, पण तोडकंमोडकं मराठी आणि आपली दखनी मिसळून ती चालवून न्यायची. मला म्हणाली, "या अज्जा, बसा." मग एक कागद पुढं केला आणि शाईचं पॅड उघडलं.

"अंगठा न्हाई," मी म्हणालो. "सही."

"सॉरी अज्जा." तिनं पॅड बंद केलं. कागद कानडीत होता. मी म्हणालो, मराठीत द्या. तिनं शोधून मराठीतला काढला. मी दोन पानं बोट ठेवून वाचली. अर्धा तास गेला असेल. पोरगा घड्याळ बघायलेला. कागदात होतं की थुंकी दिली काय, न दिली काय, बाळाच्या ऑपरेशनला फरक पडणार नाही. हे मला बरं वाटलं. सही केली.

"तंबाखू खाल्ली?"

"सकाळपासून तोंडातच हाय."

"मग चूळ भरा. आणि अर्धा तास थांबा. आधी चालत नाही."

आता अर्धा तास काय करायचं? मी म्हणालो, "बाई, तवर मला हे सांगा की टाळू फाटते कशी."

"फाटत नाही अज्जा. मिळत नाही."

मला कळलं नाही. तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. पडद्यावर एक गुलाबी मांसाचा गोळा, त्याला उघडं तोंड. ती सांगायला लागली. पोटातल्या बाळाचं तोंड आणि नाक सुरुवातीला एकच पोकळी असते, मधे छत नसतं. मग उजव्या आणि डाव्या बाजूनं एकेक फळी वाढते. आधी त्या दोन्ही फळ्या जिभेच्या दोन अंगांना खाली लोंबत राहतात. नंतर जीभ खाली बसते, फळ्या वर उचलतात, आडव्या होतात, एकमेकींकडं सरकतात, मधोमध टेकतात आणि चिकटून जातात. सांधा सुद्धा दिसेनासा होतो. यातलं एखादं पाऊल चुकलं, फळी लहान पडली, उशिरा उचलली, जीभ खाली गेलीच नाही, की मधे फट राहते.

मी चाळीस वर्षं स्लॅब टाकले. खाली सेंट्रिंग ठोकल्याशिवाय कुठलं छत उभं राहिलेलं मी बघितलं नाही. "खालून टेका कशाचा असतो?" मी विचारलं.

"टेका नसतो. आतूनच जोर येतो."

"कशाचा जोर?"

"तेच शोधायलोय आम्ही. थोडं कळलंय, सगळं नाही."

"हे बाळ कुणाचं हाय?" मी पडद्याकडं बोट केलं.

"हे उंदराचं आहे अज्जा."

मी पोराकडं बघितलं. पोरगा खाली बघून हसायलेला. माझ्या नातीचं विचारायला आलो आणि मला उंदराचं पिल्लू दाखवायल्या! मी टोपी उचलली. ती घाईघाईनं म्हणाली, "बसा, बसा. उंदराची टाळू आणि माणसाची टाळू एकाच रीतीनं तयार होते. माणसाच्या पोटात डोकावून रोज बघता येत नाही ना."

हे खरं होतं. पण उंदराच्या तोंडावरून माझ्या घराण्याचं कसं काढणार, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. बसलो.

"आन् हे किती दिवस चालतं? फळ्या मिळायचं?"

"दुसऱ्या महिन्यात सुरू होतं. तिसरा संपेपर्यंत टाळू पूर्ण. त्यानंतर काही होत नाही. मिळाली तर मिळाली."

मी बोटं धरली. मनात नाही, मांडीवर बोटं ठेवून. पोरगी फेब्रुवारीची. ग्रहण दिवाळीचं. फेब्रुवारीतून मागं गेलो, जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर. दिवाळी ते बाळंतपण साडेतीन महिने. नवातून साडेतीन गेले. राहिले साडेपाच. पुन्हा मोजलं. पुन्हा साडेपाच. म्हणजे सून वाळूक चिरायला बसली तेव्हा तिला सहावा लागलेला होता, आणि टाळूचं जे काही व्हायचं न व्हायचं ते दोन-अडीच महिने आधीच उरकलं होतं.

नव्या घराला भेग पडली की मालक म्हणतो, काल शेजाऱ्यानं दणका दिला म्हणून पडली. मी भेगेत नख घालून बघायचो. आत धूळ साचलेली, कड गुळगुळीत झालेली. कालची भेग अशी नसते. असल्या मालकांना मी तोंडावर खोटं पाडलंय. आणि स्वतः मात्र वॉर्डात नख न घालताच बोलून मोकळा झालो होतो.

"बाई," मी म्हणालो, "मग ग्रहणानं न्हाई झालेलं."

"ग्रहणाचा काहीच संबंध नसतो अज्जा. कुठल्याच महिन्यात."

"ते तुमचं तुमी बघा. मी माझं सांगायलो. ग्रहण नंतर आलं. भेग आधीची हाय."

तिनं कागद पुढं ओढला. पोरानं मात्र पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

मग तिनं घराण्याची माहिती विचारली. नात्यात लग्न झालंय का, कुणाचा ओठ फाटलेला होता का, कुणी नाकात बोलायचं का. मी सगळ्याला नाही म्हणालो. ती लिहीत होती. लिहिता लिहिता तिनं मान वर केली. "अज्जा, तुमचा आवाज लहानपणापासून असाच आहे?"

"असाच म्हंजी?"

"थोडा नाकातून येतो."

खोलीत गरम व्हायला लागलं. शाळेत मला गेंगण्या म्हणायचे. मास्तर मलाच उभं करून धडा वाचायला लावायचे आणि वर्ग खिदळायचा. एकाचं डोकं मी पाटीनं फोडलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. लोकांना मी सांगत आलो की गरिबीमुळं सुटली. बायकोलाही तेच सांगितलेलं. पोरगा बाजूला बसलेला, त्याच्यासमोर काय बोलणार? मी म्हणालो, "आवाज हाय तसा हाय."

"तोंड उघडता? आ करा."

मी आ केला. तिनं बॅटरी मारली, जीभ दाबली, बराच वेळ बघितलं. मग छोटा आरसा माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुम्हीच बघा. ही मागची पडजीभ. सगळ्यांना एक टोक असतं."

मला दोन होती. मधे चीर, दोन्ही बाजूंना एकेक लोंबणारं टोक. एकाहत्तर वर्षं ज्या तोंडानं जेवलो, भांडलो, सुनेला बोललो, त्याच्या आत हे होतं आणि मला पत्ता नव्हता.

"हे तेच हाय का? नातीचं?"

"असू शकतं. त्याच गोष्टीचं अगदी लहान रूप. कधी कधी घराण्यात असं सापडतं. पण पुष्कळ माणसांची पडजीभ अशी असते आणि घरात कुणालाच काही नसतं."

"व्हय का न्हाई, एक सांगा."

"आज नाही सांगता येत अज्जा."

"मग कोण सांगणार?"

"थुंकी तपासल्यावर कदाचित. कदाचित तेव्हाही नाही. कधी घराण्यातून येतं, कधी आईनं घेतलेल्या औषधातून, कधी तंबाखूच्या धुरातून. बहुतेक वेळा सगळं थोडं थोडं. आणि पुष्कळ वेळा कशामुळं ते कळतच नाही. दोष कुणाचाच नसतो."

एवढी शिकलेली बाई, एवढी यंत्रं, उंदीर, आणि शेवटी कळत नाही! सकाळी मला कुणी विचारलं असतं तर मी एका वाक्यात सांगितलं असतं. आता माझ्याजवळ ते वाक्यही राहिलं नव्हतं.

अर्धा तास झाला. नळी हातात घेतली. जन्मभर मी रस्त्यावर, पायाच्या खड्ड्यात, कुठंही थुंकत आलो, आणि आता तोंड कोरडं ठणठणीत. फेस नको, पाणी पाहिजे, नळीवरच्या रेघेपर्यंत, असं बाईचं म्हणणं. पोरगा म्हणाला, "अप्पा, अंबाडीच्या चटणीची आठवण काढा." काढली. तरी रेघेपर्यंत यायला वेळ लागला. तिनं झाकण लावलं, नळीवर नाव न लिहिता आकडा लिहिला. मी कागद मागितला, रक्तात खोट नसल्याचा. "तसा कागद आम्ही देत नाही," ती म्हणाली, आणि हसली नाही. त्याबद्दल मी तिचा मान राखतो.

घरी आलो तेव्हा दिवस मावळला नव्हता. बायकोला दारात उजेडात उभं केलं आणि तोंड उघडलं. "बघ आत."

"काय बघू? पन्नास वरसं ह्याच तोंडाचं ऐकायलेय."

"पडजीभ बघ."

तिनं पोराचा मोबाईल घेऊन उजेड पाडला, वाकली. मग म्हणाली, "आवो, दोन हायत की." मोबाईल खाली ठेवून म्हणाली, "तुमच्या आईनं मला एकदा सांगितलं होतं. तुमी तान्हे असताना दूध नाकातनं यायचं. वर्षात थांबलं."

"मग बोलली कामून न्हाईस, पोरीचं झालं तवा?"

"तुमी कुणाला बोलू दिलाव व्हय?"

मी जेवलो नाही. पडून राहिलो. सुनेनं केलं नाही, हे पक्कं झालं. मग मी केलं का? तर बाई म्हणते, दोष नाही. दोष नाही तर हे माझ्या तोंडात काय आहे? आईनं माझ्या वेळी काही चिरलं होतं का? ती तर ग्रहणात पाणीसुद्धा गाळायची नाही. एकेक करत सगळ्या विटा काढून बघितल्या, पुन्हा रचल्या. भिंत काही ओळंब्यात येईना.

सकाळी पहिल्या बसनं मी एकटाच संतपूरला गेलो. पोराला सांगितलं नाही. व्याही गोठ्यात होते. मला बघून शेणाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. "पाव्हणं? एवढ्या सकाळी?"

"सुनेला बोलवा. तिच्याशी बोलायचंय. तुमच्यासमोर. त्या दिवशी बी तुमच्यासमोरच बोललो होतो."

सून आली. बाळ कडेवर. सात महिन्यांची पोर, मला ओळखत नव्हती, टोपीकडं बघायली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिसऱ्या महिन्यात टाळू मिळते, ग्रहण सहाव्यात आलं, त्यामुळं चिरण्यानं काही झालेलं नाही. माझी पडजीभ दुभंगलेली आहे, माझं दूधही नाकातून यायचं. म्हणजे आलं असलं तर आमच्याकडून आलं, आणि तेही नक्की माहीत नाही. "म्या बोललो ते चुकीचं बोललो. मागं घेतो."

वाटलं, आता संपलं. पण सून तशीच उभी.

"मामा," ती म्हणाली, "आन् ग्रहण तिसऱ्या महिन्यात आलं असतं तर?"

माझी सगळी मोजणी त्या अडीच महिन्यांवर उभी होती. मी व्याह्यांकडं बघितलं. ते गोठ्याकडं बघायलेले. आईचा चेहरा डोळ्यापुढं आला, हात जोडून गल्लीतल्या बायांना सांगणारी. आईला खोटी म्हणायचं? त्या कानडी बाईचं ऐकायचं? दोन्ही मला पुरतं पटेना. पण समोर सून उभी होती आणि तिला आत्ता ऐकायचं होतं.

"तर बी न्हाई," मी म्हणालो. "तर बी तू काय केलं नसतंस."

तिनं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. "पुढच्या महिन्यात कलबुर्गीला ऑपरेशन हाय. रक्त द्यायला माणूस लागंल."

"माझं चालंल का म्हाताऱ्याचं?"

"तुमचं न्हाई चालत. तुमच्या पोराला पाठवा. तुमी बसायला या."

मग तिनं मला ओट्यावर बसवलं आणि बाळ माझ्या मांडीवर दिलं. आडवं नाही, उभं धरायचं, पाठ सरळ, असं हात धरून शिकवलं. वाटीत दूध आणलं. थोडं थोडं, जिभेच्या कडेनं, तिनं गिळल्याशिवाय दुसरा चमचा नाही. पहिला चमचा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला मी घाई केली आणि दूध नाकातून आलं. पोर शिंकली, रडली नाही. मी धोतराच्या सोग्यानं तिचं नाक पुसलं आणि थांबलो. गिळू दिलं. मग चौथा चमचा भरला.